कोयती निघाली माहेरा

ओंकारला कोयती सापडली, म्हणजे खरं तर ती त्याच्या पायाला लागली. आगरात पाटाच्या कडेला, पोफळीच्या सुकल्या झावळांखाली ती मागच्या पावसाळ्यापासून पडून होती. मूठ वाळवीने खाल्लेली, धार गेलेली, पात्यावर खपल्याच खपल्या. नारळ पाडायला येतो त्यानेच ती लांबवली असणार, असं मी वर्षभर घरात सांगत होतो. मुलांच्या आजीने आता माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याला उत्तर नसतं, म्हणून मी नातवंडांकडे वळलो.

ओंकार चौथीत. त्याने पातं दगडावर आपटलं तशी तांबूस भुकटी सांडली. मुक्ता सातवीत, ती जरा बेताने वागते. तिने भुकटी बोटावर घेतली, चोळली आणि अंगणातल्या तुळशी वृंदावनाकडे बघून म्हणाली, "आजोबा, हा तर गेरू आहे."

चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. एवढं नेमकं वाक्य वर्गात फारच थोड्या वेळा ऐकलंय.

"गेरूचा सख्खा भाऊ म्हण," मी म्हटलं. "नाक-डोळे थोडे वेगळे."

"पण मग लोखंड कुठे गेलं?" ओंकारने विचारलं.

"कुठेही गेलं नाही. त्यात भरच पडली. कोयतीतलं शंभर ग्रॅम लोखंड पुरतं गंजू दे आणि एक कणही वाऱ्यावर न घालवता ती भुकटी तराजूत टाक. दीडशेच्या आसपास भरेल. वरचे पन्नास कुठून आले सांग."

दोघं गप्प. वरचे पन्नास हवेतून आले आणि पावसातून आले. हवेतला प्राणवायू आणि थोडं पाणी लोखंडाला येऊन चिकटलं. चिकटलं हा शब्दही कमीच पडतो, तिघांचा एक संसार झाला. त्या संसारात लोखंड आहे, पण त्याचा लोखंडपणा नाही. चमक नाही, धार नाही, ठोकलं तर नाद नाही.

गेरू आणि गंज भाऊ कसे, हे दाखवायला चूल लागली. विहिरीचं काम झालं तेव्हा निघालेल्या पिवळ्या मातीचा ढीग मागल्या दारी आहे. त्यातली मूठभर माती कुटली, आजीकडून डब्याचं जुनं झाकण मागून घेतलं (चांगलं मागितलं असतं तर मिळालं नसतं) आणि झाकणावर माती पसरून ते निखाऱ्यांवर ठेवलं. पाच मिनिटं काहीच नाही. मग कडेकडेने माती तांबूस व्हायला लागली, आणि बघता बघता सगळं झाकण गेरूच्या रंगाचं झालं. पिवळ्या मातीतही लोखंडच होतं, पण पाणी धरून बसलेलं. विस्तवाने पाणी हाकललं, पिवळ्याचा लाल झाला. कौलं भट्टीत लाल होतात तेव्हा त्यांच्या मातीतही हेच चालतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावेची लाल नक्षी दिसते, ती कावही याच घरातली.

मुक्ताची नजर आता गडग्यावर गेली होती. आमच्याकडे कुंपण असो, घर असो, विहिरीचं बांधकाम असो, सगळं जांभ्याच्या चिऱ्यांचं. "मग गडग्यातसुद्धा लोखंड आहे?"

आहे, आणि भरपूर आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तप्त रसाचे थरांवर थर वाहिले आणि थिजून सह्याद्रीचा काळा पाषाण झाला. त्या पाषाणावर पाऊस पडत राहिला. असल्या पावसात लाखो वर्षं भिजल्यावर दगडातलं जे विरघळण्याजोगं होतं, म्हणजे चुना, सोडा, बरीचशी सिलिका, ते झिरपून समुद्राकडे गेलं. जे विरघळायला राजी नव्हतं ते जागेवर राहिलं: लोखंड आणि अॅल्युमिनियम, दोघांनी प्राणवायूचा हात घट्ट धरलेला. त्या उरल्यासुरल्याचा दगड म्हणजे जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळातल्या अंगडिपुरमजवळचा असा दगड पाहून त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. नाव त्याने वापरावरून ठेवलं, ते मला आवडतं. दगड खाणीत असतो तेव्हा मऊ, हत्याराने कापता येतो, आणि हवेवर पडला की टणक होतो.

ओंकारला भाषणं चालत नाहीत. तो माळ्यावरून जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं लोहचुंबक घेऊन आला आणि गडग्यावर फिरवायला लागला. एक-दोन कण सोडले तर काही चिकटेना. "आजोबा, तुम्ही थापा मारताय. लोखंड असतं तर चिकटलं नसतं का?"

एवढ्याचसाठी मी सकाळपासून थांबलो होतो.

दगडात धातू असतो म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे चिवड्यातले शेंगदाणे येतात. हात घाला, वेचून काढा. तसं नसतं. मिठाचं बघा. सोडियम नावाचा एक मऊ, चंदेरी धातू आहे, सुरीने कापता येतो आणि पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन नावाचा एक विषारी वायू आहे. दोघांचं लग्न लागलं की मीठ होतं आणि ते आपण आमटीत घालतो. आमटी पेटत नाही. हंफ्रे डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०७ साली विजेच्या जोरावर पहिल्यांदा सोडियम सुटा केला, तोवर तो धातू कुणाच्या नजरेलाही पडला नव्हता. मीठ मात्र सगळं जग खात होतं. पानाला लावतो त्या चुन्यातही धातूच आहे, कॅल्शियम. तो त्याने पुढच्या वर्षी काढला.

खडक आणि खनिज यांतला फरक मी मुलांना वाडीवरून सांगितला. खडक म्हणजे वाडी, खनिज म्हणजे तिच्यातलं एकेक घर. प्रत्येक घरात माणसं किती आणि कोण हे ठरलेलं, कोणी कुठे बसायचं हेही ठरलेलं. हेमॅटाइट नावाच्या घरात लोखंडाचे दोन अणू आणि प्राणवायूचे तीन, या हिशोबात फेरफार नाही. गारगोटीच्या घरी सिलिकॉन एक, प्राणवायू दोन, धातू कोणीच नाही. अशी सहा हजारांच्या आसपास घरं माणसाला आजवर माहीत झाली आहेत, आणि बहुतेक घरांत प्राणवायू जावई म्हणून बसलेला. पृथ्वीच्या कवचाचा शंभर किलो खडक घेतला तर त्यात सेहेचाळीस किलो प्राणवायू निघेल. आपण तो हवेत शोधतो. हवेत त्याचा पाचवा हिस्सा, पायाखालच्या दगडात जवळजवळ निम्मा. सिलिकॉन अठ्ठावीस किलो, अॅल्युमिनियम आठ, लोखंड पाच. सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील, शिसं, ज्यांच्यासाठी माणसाने डोंगर पोखरले आणि एकमेकांची डोकी फोडली, ते सगळे मिळून वजनकाट्यावर दिसणारही नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळबादेवीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथल्या वाळूत काळे पट्टे असतात. लाट मागे फिरते तेव्हा हलकी पांढरी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण मागे टाकून जाते. झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ पाण्यात घोळवतो ना, तेच काम समुद्र फुकट करत असतो. लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायला मी ओंकारला सांगितलं, नाहीतर चिकटलेले कण जन्मभर निघत नाहीत. त्याने ते वाळूतून फिरवून वर उचललं, तर त्याला काळी दाढी फुटलेली. कण न् कण टोकावर उभा. पिशवी उलटी केली आणि दाढी मुक्ताच्या ओंजळीत उतरली.

"गडग्यातलं चिकटत नाही आणि हे चिकटतं. का?"

कारण घर वेगळं. हे मॅग्नेटाइट. यात लोखंडाचे तीन अणू, प्राणवायूचे चार, आणि बसायची रीत निराळी. त्या रीतीमुळे लोखंडाची चुंबकाशी ओळख शाबूत राहिली. माणसं तीच, मांडणी बदलली की घराचा स्वभाव बदलतो.

चुंबकाला नीटशी दाद न देणारे काळे कण खाली राहिले होते, ते इल्मेनाइटचे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ही काळी वाळू पुष्कळ आहे. त्यात लोखंडाच्या जोडीला टायटॅनियम असतो. लोखंड बाजूला काढलं की टायटॅनियम आणि प्राणवायू यांची जी भुकटी हाती येते ती काळी नसते. ती इतकी पांढरी असते की भिंतीच्या पांढऱ्या रंगात, कागदात, टूथपेस्टमध्ये पांढरेपणासाठी हीच घालतात. मुक्ताने हातातल्या काळ्या वाळूकडे आणि दूरच्या पांढऱ्या बंगल्याकडे आळीपाळीने पाहिलं. मी काही बोललो नाही.

मेच्या अखेरीस पोफळींवर फवारणी असते. पाऊस लागला की सुपारीवर कोळेरोग येतो, म्हणून आधीच बोर्डो मिश्रण मारायचं: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदाचे खडे इतके सुंदर निळे असतात की ओंकारने एक खिशात घातला. आजीने तो खिसा उलटा करून घेतला आणि त्याला दोनदा हात धुवायला लावले. विषारी आहेच ते.

मिश्रण जमलं की नाही हे पाहायची एक जुनी रीत आहे. विळ्याचं घासून चकचकीत केलेलं पातं त्यात बुडवायचं आणि मिनिटभराने बाहेर काढायचं. पातं कोरं निघालं तर ठीक. तांबूस झालं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मी मुद्दाम चुना कमी असतानाच नवी कोयती बुडवली. बाहेर काढली तर पात्यावर गुलाबीसर तांब्याचा हात फिरलेला.

ओंकार ओरडला, "तांबं! कुठून आलं?"

निळ्या खड्यातून आलं. किलोभर मोरचुदात पाव किलो तांबं असतं, गंधक, प्राणवायू आणि पाणी यांच्या घोळक्यात लपलेलं. निळा रंगही त्याचाच. आत लोखंड आलं आणि त्याने तांब्याला उठवून त्याची जागा पटकावली. लोखंड विरघळत गेलं, बाहेर पडलेलं तांबं पात्यावर बसलं.

मग दोन दिवस घरात खिळा शिल्लक राहिला नाही. लोणच्याच्या फुटक्या झाकणाची बरणी, तिच्यात उरलेलं मोरचुदाचं पाणी, आणि खिळे, टाचण्या, सायकलचा एक नट. निळं पाणी हळूहळू फिकं होत हिरवट झालं. मुक्ताने तांब्याची तार घेतली आणि उलटा प्रयोग म्हणून हिराकशीच्या पाण्यात, म्हणजे लोखंडाच्या क्षारात, रात्रभर ठेवली. सकाळी तार होती तशीच. तांबं लोखंडाला उठवू शकत नाही.

तर धातूंचा असा मानपान आहे. कोणाला घरोबा करायची किती घाई, आणि एकदा केला की सुटायला तो किती कुरकुरतो, यावर सगळी रांग लागते. माणसाला कोणता धातू कधी सापडला, याचं बरंचसं उत्तर त्या रांगेत आहे.

सोन्याला कुणाचीच गरज नाही. ते नदीच्या वाळूत, गारेच्या शिरेत, जसं आहे तसं पिवळंधमक सापडतं. आजीच्या पाटल्या पन्नास वर्षं चुलीच्या धुरात आणि राखेच्या भांड्यांत वावरल्या, तरी तशाच आहेत. सोन्याची अडचण एवढीच की ते फार थोडं आहे. कोलारला त्यासाठी माणूस तीन किलोमीटरहून खोल गेला आणि अखेर २००१ साली ती खाण बंद पडली.

तांब्याला घरोबा आवडतो, पण तो तुटतोही सहज. बंबावर काळपट थर चढतो, आजी आंबसोलं घेऊन घासते, थर आंबटात विरघळतो, बंब हसायला लागतो. विस्तवात कोळशाबरोबर तापवलं की खनिजातलं तांबं लवकर सुटतं. म्हणून तांब्याचं युग आधी आलं, लोखंडाचं मागाहून. सगळ्यात जुनं लोखंड तर माणसाने खणलेलंच नाही. इजिप्तमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीचे लोखंडी मणी सापडलेत, ते आकाशातून पडलेल्या उल्केचे आहेत.

जमिनीतलं लोखंड सोडवायला कोळसा लागतो आणि चिकाटी लागते. आपल्या सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या बाजूला, धावड लोक हे काम करत. जांभ्यातले लोखंडाचे खडे वेचायचे, मातीच्या भट्टीत लोणारी कोळशाबरोबर भरायचे, भात्याने हवा मारत बसायचं. कोळशाचा अर्धवट जळलेला वायू खनिजात शिरतो आणि लोखंडाला म्हणतो, तुझा प्राणवायू मला दे. लोखंड वितळत नसे. ते वितळायला दीड हजाराच्या वर अंश लागतात, भात्याच्या भट्टीला ते झेपणारं नाही. भट्टीच्या बुडाशी स्पंजासारखा गोळा जमायचा. तो लाल असतानाच बाहेर ओढून घणाखाली घालायचा, की आतली कीट पिळून निघे आणि लोखंड राहत असे. आजच्या प्रचंड पोलाद कारखान्यातही मुख्य युक्ती तीच, आणि कोळशाने पळवलेला प्राणवायू शेवटी धुराड्यातूनच जातो. एक टन पोलादामागे जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइड.

पणजीच्या धक्क्यावर उभं राहून मांडवीतून जाणाऱ्या बार्जेस मी तरुणपणी तासन्तास बघितल्यात. लाल मातीचे डोंगर पाण्यावरून मुरगावच्या बंदराकडे सरकत चाललेले. ती लाल माती म्हणजे गोव्याचं खनिज लोखंड, आणि त्याचा पूर्वेतिहास जांभ्याहून कितीतरी जुना. दोन-तीनशे कोटी वर्षांपूर्वी हवेत मोकळा प्राणवायू नव्हता म्हटलं तरी चालेल. तेव्हाच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं, आपल्या आमटीत मीठ असतं तसं. मग उन्हावर जगणारे सूक्ष्म जीव आले आणि प्राणवायू सोडू लागले. समुद्रातलं लोखंड त्याला भेटलं आणि लाल साका होऊन तळाशी बसत गेलं, थरावर थर.

"म्हणजे समुद्र गंजला?" मुक्ता म्हणाली.

समुद्र गंजला. जगातल्या मोठ्या लोखंडाच्या खाणी बहुतेक त्या गंजाच्याच आहेत. तुझ्या कंपासपेटीतला कर्कटक एकदा त्या समुद्राच्या तळाशी होता.

ओंकारच्या पाठीवर त्या दिवसांत घामोळं उठलं होतं आणि आजी त्याला गुलाबी कॅलामाइन लावत होती. मला तर आयतंच निमित्त मिळालं. त्या लोशनमधली पांढरी भुकटी म्हणजे जस्ताची राख, जस्त आणि प्राणवायू. आणि गुलाबी रंग? त्यात चिमूटभर लोखंडाचा लाल ऑक्साइड घालतात. ओंकारला आपल्या पाठीवर गेरू आहे हे फार आवडलं. त्याने बाकीचं घामोळं मुक्ताला दाखवायला सदराच काढून टाकला.

जस्ताची गोष्ट मात्र मला सगळ्यांत प्रिय. सांगताना मी नेहमी वाहवतो.

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. पितळ माणसाला दोन हजार वर्षांपासून माहीत आहे, पण जस्त शतकानुशतकं कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवले की पितळ व्हायचं, एवढंच ठाऊक. का होतं ते माहीत नाही. अडचण अशी की जस्ताला त्याच्या घरातून बाहेर काढायला हजाराच्या वर अंश उष्णता लागते, आणि जस्त उकळतं ९०७ अंशांनाच. म्हणजे दार उघडताक्षणी कैदी वाफ होऊन पसार. बाहेर हवा भेटली की ती वाफ जळते आणि पुन्हा पांढरी राख. लोखंडाचा निदान गोळा तरी भट्टीत राहतो. जस्ताच्या भट्टीत हाताला काहीच लागायचं नाही.

हा पळपुट्या पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पकडला तो राजस्थानात, उदयपूरजवळ झावरला. निवृत्तीनंतर मी तिथे जाऊन आलोय. युक्ती अशी: वांग्याच्या आकाराची मातीची मूस घ्यायची. रसरत्नसमुच्चय या जुन्या ग्रंथात तिला वृंताक मूषाच म्हटलंय, वृंताक म्हणजे वांगं. आधी खनिज भाजून त्यातलं गंधक घालवायचं. मग ते कोळशाच्या चुऱ्याबरोबर मुशीत भरायचं, तोंडाला मातीची नळी जोडायची, आणि वांगं देठ खाली करून उलटं टांगायचं. उलटं केल्यावर भरलेला माल सांडू नये म्हणून नळीतून एक काडी घालून ठेवायची. भट्टी तापली की काडी जळून जाते आणि वाफेला वाट मोकळी होते. अशा छत्तीस मुशी, सहा ओळींत सहा-सहा, एका भट्टीत. वर आग, खाली थंड कोठडी. वाफ नेहमी वर जाते असं आपण धरून चालतो. इथे तिला वर वाट नाही, हवा नाही, फक्त खाली उतरणारी थंड नळी. ती मुकाट्याने खाली येते, गार होते आणि थेंब थेंब जस्त भांड्यात पडतं.

निदान सहाशे वर्षांपूर्वी हे चालू होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, आणि त्याची वाफही खालीच उतरत होती. त्याने ही युक्ती कुठून ऐकली असेल यावर विद्वान वाद घालतात. झावरला वापरून झालेल्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंती बांधल्या, भिंतीतून मुशींची गोल बुडं बाहेर डोकावतात. मी एकीवर हात ठेवून बराच वेळ उभा होतो, तेव्हा आतून कुणीतरी विचारलं, कोण पाहिजे. पुरातत्त्व पाहतोय हे त्यांना सांगायला मला जड गेलं.

"आणि आजीचं जर्मलचं पातेलं?" मुक्ताने विचारलं. तिला रांग पूर्ण करायची होती.

जर्मल म्हणजे अॅल्युमिनियम. कवचात सगळ्यांत जास्त असलेला धातू, आणि हाती आला फार उशिरा. कारण प्राणवायूशी त्याचा घरोबा असा की कोळशाने कितीही विनवलं तरी फरक पडत नाही. त्याचं धातुक बॉक्साइट म्हणजे जांभ्याचाच भाऊ. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडचे डोंगर, दापोली-मंडणगडकडचे सडे, तिथे पावसाने लोखंडापेक्षा अॅल्युमिनियम जास्त मागे ठेवला. शुद्ध अॅल्युमिना वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. १८८६ साली अमेरिकेतला चार्ल्स हॉल आणि फ्रान्समधला पॉल एरू, दोघेही १८६३ साली जन्मलेले, एकमेकांना न ओळखणारे, यांनी एकाच वर्षी एकच वाट शोधली: अॅल्युमिना क्रायोलाइट नावाच्या वितळलेल्या खनिजात विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. दोघं वारलेही एकाच वर्षी, १९१४ साली. त्यांच्याआधी हा धातू एवढा महाग होता की १८८४ मध्ये अमेरिकेने वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर मिरवायला त्याचा पावणेतीन किलोंहून थोडा जड सुळका बसवला. आज आपण त्यात दूध तापवतो.

पण हा धातू वीज अजून भरपूर खातो. एक किलोला सुमारे चौदा युनिट, म्हणजे आपला छताचा पंखा आठ दिवस अहोरात्र. जुनी भांडी वितळवून पुन्हा केली तर याच्या विसाव्या हिश्शात भागतं. भंगारवाला जर्मलला लोखंडाहून कितीतरी चढा भाव का देतो, ते यातच आलं.

"आणि ते गंजत नाही," आजी आतून म्हणाली.

गंजतं, क्षणात गंजतं. पण त्याचा गंज पातळ, घट्ट आणि पारदर्शक असतो, खपल्या पडत नाहीत, आणि आतल्या धातूवर तोच पांघरूण होतो. लोखंडाचा गंज भोकाभोकांचा. तो आतही गंजायला वाट देतो. अॅल्युमिनियमचा तो गंज स्फटिक होऊन जमिनीत सापडला तर त्याला कुरुंद म्हणतात, धार लावायचा. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक. आजीने पातेलं उलटसुलट करून पाहिलं. माझ्या बोलण्यातलं किती खरं मानायचं ते तिचं ठरलेलं असतं.

शाळेत मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो: सर्व धातुके खनिजे असतात, पण सर्व खनिजे धातुके नसतात. मुलं घोकायची, परीक्षेत दोन गुण मिळवायची. त्या वाक्यात पैशाचा सवाल दडलाय हे मी तेव्हा सांगत नसे, आता चुकल्यासारखं वाटतं. ज्या घरातून धातू काढणं परवडतं ते धातुक, बस. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइटचे निळेभोर झुबके निघाले, जगात त्यांना तोड नाही. त्यात व्हॅनेडियम धातू आहे, पण तो काढायला कोणी जाणार नाही, लोक ते काचेच्या कपाटात ठेवतात. आमच्या गडग्यातही लोखंड आहे. धावडांच्या हिशोबात त्यातले निवडक खडे धातुक होते. आजच्या कारखान्याच्या हिशोबात तो गडगाच आहे.

जुन्या कोयतीचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. मी म्हटलं, ती माहेरी निघाली आहे, जाऊ द्या.

"माहेरी गेलेली परत येते," आजी म्हणाली.

"हीही येईल. भट्टी लाव, कोळसा घाल, भाता मार."

"मग नवी बोथट झाली तर भाता मारा तुम्ही," ती म्हणाली, आणि नवी कोयती खोबरेल चोळून खुंटीला टांगली. मोरचूद लागलेलं पातं तिने आधी राखेने घासून घेतलं होतं. जुनीला मुक्ताने गडग्याच्या एका खाचेत उभं करून ठेवलं. रंगाला रंग मिळाला, लांबून दिसेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं मुंबईला गेली. ओंकारने तांबं चढवलेला एक खिळा कागदात गुंडाळून नेला. आठवड्याने त्याचा फोन.

"आजोबा, खिळ्यावर ठिपके आलेत. तांब्याच्या खालून. तपकिरी."

"खिडकीत ठेवलास का?"

"हो."

"पाऊस लागला वाटतं तिकडे?"

"काल रात्री. खूप. तुमच्याकडे?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि आगराकडे पाहिलं. वारा फिरला होता. पोफळींवर अजून एक फवारणी व्हायची होती.